दाखल क्रमांक १८४३

माझ्या पत्नीसाठीचा मोबाइल मी अकरा आठवडे अभ्यास करून निवडला आणि अडीच मिनिटांत त्याची वाचा घालवली. दोन्ही कामं मी पूर्ण शुद्धीत, हात स्वच्छ धुऊन आणि चष्मा पुसून केली. हा किस्सा खरं तर विमलचा. पाहुणे आले की तीच तो सांगायची आणि फार चांगला सांगायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. आता सांगणारा मीच उरलो आहे, तेव्हा जरा सावकाश सांगतो. तिच्या सांगण्यात मी जितका बावळट दिसायचो तितका इथे दिसू नये, असा माझा विचार होता. लिहायला बसल्यावर लक्षात आलं की घटनाच तशा आहेत.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. विमल महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. घर बिबवेवाडीत, तिसऱ्या मजल्यावर. आमची एकुलती एक मुलगी प्रज्ञा कलेक्टर होणार, हे विमलने प्रज्ञा पाचवीत असतानाच स्टाफरूममध्ये जाहीर करून टाकलं होतं. प्रज्ञा इंजिनिअर झाली आणि हिंजवडीत कॉम्प्युटरच्या नोकरीला लागली, तेव्हा विमल म्हणाली, अनुभव म्हणून ठीक आहे. पण कंपनीने तिला दोन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवायचं ठरवलं, आणि घरात तीन दिवस भांडण चाललं. माय-लेकींची भांडायची पद्धत अशी, की दोघी एकाच वेळी बोलायच्या आणि एकाच वेळी थांबायच्या. त्यामुळे ऐकायला कोणी शिल्लकच नसायचं. (मी असायचो, पण मला कोणतीच बाजू मोजत नव्हती.) तिसऱ्या दिवशी विमल म्हणाली, "जा. आणि तिथून मला फोन करू नकोस."

प्रज्ञा आईचीच मुलगी. तिने केला नाही.

ती फोन मला करायची. दर रविवारी सकाळी नऊला हॉलमधला फोन वाजायचा. फोनवर माझं बोलणं म्हणजे 'हं', 'बरं', 'ठेवतो', फार तर एखादी सूचना. त्या वेळी विमल स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून एकच पातेलं घासत असायची. फोन ठेवल्यावर ती काही विचारायची नाही. मग तासाभराने, भाजी चिरता चिरता, सहज म्हणायची, "तिचा घसा बसलाय का?"

"नाही."

"मग काढा घे असं दोनदा कशाला म्हणालात?"

चार महिने हे असं चाललं. मग एका रविवारी प्रज्ञानेच मला सांगितलं, "बाबा, आईला मोबाइल घेऊन द्या. हॉलमध्ये तुमच्यासमोर येऊन ती माझा फोन कधीच घेणार नाही. तिचा स्वतःचा असला तर घेईल. तिच्या वाढदिवसाला मी त्याच नंबरवर करते." आणि गंमत अशी, की त्याच आठवड्यात विमलनेही जाहीर केलं, की तिला शाळेच्या कामासाठी मोबाइल लागणार आहे. मुख्याध्यापकांना कधी तातडीने बोलायचं झालं तर! मुख्याध्यापक तिच्या वर्गाशेजारच्याच खोलीत बसत. मध्ये भिंतही नव्हती, कपाट होतं.

वाढदिवसाला तीन महिने होते. ग्रंथपालाला एवढा वेळ पुरतो.

एखादा शब्दकोश घ्यायचा तरी आमच्या कॉलेजात खरेदी समिती बसायची, तीन दुकानांची दरपत्रकं यायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता व्हायचा, त्यावर टिपण लिहिलं जायचं. तीस वर्षं मी हेच केलं होतं आणि या पद्धतीने आलेला एकही शब्दकोश वाईट निघाला नव्हता. मोबाइल त्याहून वेगळा का असावा, हे मला कळेना. मी आडव्या रेघांचा फुलस्केप कागद घेतला आणि त्यावर सतरा रकाने आखले. वजन, लांबी, अक्षरांचा आकार, बटणांमधलं अंतर, बॅटरी, हमी. 'टिकाऊपणा' या रकान्यात काय लिहायचं हे ठरवायलाच एक आठवडा गेला. विमलने तक्ता पाहिला. म्हणाली, "यात आवाज कुठंय?" मी अठरावा रकाना आखला.

समितीवर दोन तज्ज्ञ घेतले. एक विमलचा भाऊ मधुकर. तो मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर वीस वर्षं होता आणि जगातली कोणतीही वस्तू हातात घेतली की तिचं पोट कसं आहे ते आपल्याला समजतं, अशी त्याची खात्री होती. दुसरे आमचे खालच्या मजल्यावरचे शेखसाहेब. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. मागचं झाकण उघडून आत पाहिल्याशिवाय कशावरही मत द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. (माणसांचीही झाकणं असती तर बरं झालं असतं, असं ते एकदा म्हणाले होते. त्यांच्या मुलाचं लग्न ठरत होतं तेव्हा.)

समितीने लक्ष्मी रोडजवळचं एक दुकान निवडलं. दुकानदार साठीचे, पांढरा शर्ट, आणि गिऱ्हाईक म्हणजे आपल्या वाचनात आलेला व्यत्यय, अशी नजर. मी तक्ता पसरला. त्यांनी तो वरून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "आपण घ्यायला आलाय की तपासायला?"

मधुकरने काउंटरवरचा मोबाइल उचलला, तळहातावर दोनदा झेलला, अंगठ्याने दाबून पाहिला आणि नाकाशी नेला. मग खोक्यांच्या चळतीकडे बोट करून म्हणाला, वरचा नको, खालच्या थरातला दाखवा. यार्डात कोणीही चांगला माल वर लावतो, हे त्याने मला कानात समजावून सांगितलं. कानात म्हणजे त्याच्या हिशेबाने. पलीकडच्या साडीच्या दुकानातही ते ऐकू गेलं असावं.

"आमच्याकडे सगळे थर सारखेच," दुकानदार म्हणाले. "आणि निवडून झाले की पाल्यासकट द्यायचे का?"

तेवढ्यात शेखसाहेबांनी खिशातून डोळ्याला लावायचं भिंग काढलं होतं. बॅटरीखाली अजून एक झाकण आहे आणि त्याला चार बारीक स्क्रू आहेत, असं त्यांनी जाहीर केलं. ते स्क्रू काढून दाखवावेत, अशी त्यांची नम्र विनंती होती. दुकानदारांनी घड्याळाकडे पाहिलं. एकला पाच कमी होते. एक ते चार दुकान बंद. त्यांनी आमच्या हातातला मोबाइल सोडवून घेतला, खोक्यात ठेवला आणि शटरचा दांडा उचलला.

अशा आमच्या सहा फेऱ्या झाल्या. सहाव्या फेरीपर्यंत दुकानदारांना आमचे रकाने पाठ झाले होते, आणि मी आत शिरलो की ते स्वतःहूनच "अठ्ठ्याऐंशी ग्रॅम" म्हणत. घरी विमल कॅलेंडरवर तिचा वाढदिवस होता त्या चौकोनाकडे जाता-येता पाहायची, आणि मग माझ्याकडे पाहायची. शेवटी वाढदिवसाला चार दिवस उरले असताना ती म्हणाली, "अहो, मला शब्दकोश नकोय. मला बोलायचंय."

मी त्याच संध्याकाळी मोबाइल आणला. करड्या रंगाचा, साधा, मोठ्या बटणांचा. पहिल्या दिवशी दुकानदारांनी न विचारता जो पुढे केला होता तोच.

आता अडीच मिनिटांबद्दल.

आमच्या घरात पुस्तकं पुष्कळ, आणि माझी एक सवय होती. घरी आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद मी वहीत करायचो आणि त्यावर दाखल क्रमांकाचं खाकी लेबल चिकटवायचो. म्हणजे वस्तू हरवत नाही, आणि हरवली तरी काय हरवलं ते समजतं. मोबाइल हे काही पुस्तक नव्हे, हे मलाही कळत होतं. पण एवढ्या अभ्यासानंतर घरात आलेली वस्तू नोंदीविना ठेवणं जिवावर आलं. वहीत पुढचा क्रमांक होता १८४३. लेबल तयार केलं आणि कुठे लावावं म्हणून मोबाइल दिव्याखाली धरला. बटणांच्या खाली, बोटभर कोऱ्या जागेत, एक भोक होतं.

टाचणीच्या टोकाएवढं, गोल, स्वच्छ. असली भोकं मी तीस वर्षं पाहत आलो होतो. पुस्तकाला कसर लागली की अगदी अशीच पडतात. अकरा आठवडे, सहा फेऱ्या, अठरा रकाने, एक भिंग, आणि समितीने भोक पडलेला माल आणला होता! परत न्यावा तर दुकानदारांना तोंड कसं दाखवणार? विमलला सांगावं तर त्याहून अवघड. कसरीच्या भोकावर काय करायचं हे मला पाठ होतं. भोकात डिंकाचा थेंब सोडायचा, वरून कागद बसवायचा, बोटाने दाबून धरायचा. मी तेच केलं. लेबल नेमकं भोकावर बसलं. दुरुस्ती आणि नोंद एकाच वेळी झाली, याचा मला आनंदही झाला. वर सेलोटेपची पट्टी लावली.

दुसऱ्या दिवशी रीतसर चाचणी घेतली. मी हॉलमधल्या फोनवरून मोबाइलला फोन लावला, विमल आतल्या खोलीत गेली आणि "हॅलो, येतंय का ऐकू?" म्हणाली. स्पष्ट आलं. विमलने तीस वर्षं साठ-साठ मुलांचे वर्ग सांभाळले होते. आतल्या खोलीतून तिचा आवाज फोनशिवायच मला येत होता, आणि शेखसाहेबांनाही येत होता, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नाही. मी अठराव्या रकान्यात 'उत्तम' असं लिहिलं.

वाढदिवस रविवारी होता. नऊच्या आधीच विमल नवी साडी नेसून, मोबाइल पदरात धरून बसली. मधुकर यार्डातून झेंडूची फुलं घेऊन आला होता, शेखसाहेब शिरखुर्म्याचा डबा घेऊन वर आले होते, आणि आम्ही तिघंही तिच्याकडे अजिबात पाहत नव्हतो. नऊला तीन मिनिटं असताना मोबाइल वाजला. विमल उठली, बाल्कनीत गेली आणि दार लावून घेतलं.

दाराला काच होती. तिने मोबाइल कानाला लावला आणि बोलायला सुरुवात केली. सात महिन्यांचं साठलेलं, तेव्हा ती थांबेल असं आम्हाला वाटलं नाही. पण ती थांबली. पुन्हा काहीतरी बोलली, पुन्हा थांबली. मग ती तुळशीच्या कुंडीशेजारच्या स्टुलावर बसली आणि पुढची वीस मिनिटं एक शब्दही बोलली नाही. विमल, आणि वीस मिनिटं! मधुकरने माझा दंड धरला. "दाजी, ताईला बरं वाटत नाहीये का?" मीही घाबरलो होतो. तिने दोनदा पदराने डोळे टिपले. एकदा हसली. शेवटी मोबाइल कानापासून काढला आणि बराच वेळ तशीच बसून राहिली.

आत आली ती शांतपणे. आणि आमच्या घरात सर्वांत भीती वाटायची ती या शांतपणाची.

"तिला माझं काही ऐकूच जात नव्हतं," ती म्हणाली. "मी बोलतेय, बोलतेय, आणि ती म्हणते, आई, तू बोलत नाहीस ना, नको बोलूस. फक्त फोन ठेवू नकोस. मी बोलते, तू ऐक."

प्रज्ञाला वाटलं होतं, आई अजून रागावलेली आहे. पण फोन ठेवत नाही म्हणजे ऐकते आहे. म्हणून तिने सगळं सांगितलं. तिथली एकटी खोली, जळणारा भात, ऑफिसात कोणी नाव नीट न घेणं, विमानतळात शिरताना मागे वळून पाहिलं तेव्हा आई आलेली नव्हती ते. आणि तरीही आई बोलेना, म्हणून शेवटी ती म्हणाली होती, पुढच्या रविवारपासून मी दोघांनाही त्रास देणार नाही, बाबांना महिन्यातून एकदा पत्र टाकीन.

"आता हा फोन घ्या," विमल म्हणाली, "आणि चला."

संपूर्ण समिती निघाली. मधुकरच्या टेम्पोत पुढे विमल, मागे कांद्याच्या रिकाम्या पोत्यांवर शेखसाहेब आणि मी. हॉलमधल्या फोनवरून प्रज्ञाला लावू या, असं सुचवायचं मला तेव्हा सुचलं नाही. तो फोन विमलने हात लावण्याच्या लायकीचा आहे, हे तिला स्वतःलाही सुचलं नसावं. तिला हाच बोलता करायचा होता. वाटेत मधुकर खिडकीतून मान काढून म्हणत होता, की खालच्या थरातला घ्यायला मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. शेखसाहेब म्हणत होते, ते चार स्क्रू काढू दिले असते तर ही वेळ आली नसती. भोकाचं मला ठाऊक होतं, पण भोक तर मी बुजवलं होतं. तेव्हा त्याचा काही संबंध नसणार, अशी माझी खात्री होती.

टेम्पो वाटेत दोनदा बंद पडला, त्यामुळे दुकानात पोचलो तेव्हा एकला सात मिनिटं होती. दुकानदारांनी आम्हा चौघांकडे पाहिलं आणि सवयीने "अठ्ठ्याऐंशी ग्रॅम" म्हणाले. मी पुढे होऊन बोलायला लागलो. माल सदोष आहे, एवढ्या अभ्यासानंतर आपण आम्हाला असला मोबाइल द्यावा हे योग्य नाही, आणि मी स्वतः एका संस्थेत जबाबदारीच्या पदावर आहे. माझा आवाज मला स्वतःलाच नवीन वाटावा एवढा चढला. दुकानात आणखी पाच-सहा गिऱ्हाइकं होती. त्यांनी आपापली खरेदी थांबवली.

दुकानदारांनी मोबाइल हातात घेतला. खालच्या बाजूला पाहिलं. चष्मा कपाळावर ढकलून पुन्हा पाहिलं.

"हे काय आहे?"

"दाखल क्रमांक," मी म्हणालो.

त्यांनी नखाने सेलोटेप उचलली, लेबल सोलून काढलं, आणि भोकातला वाळलेला डिंक टाचणीने टोकरला. मग ते काउंटरवरून वाकले आणि मला एकट्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकं सावकाश म्हणाले, "साहेब, माणूस इथून बोलतो."

दुकानात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मी विमलकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. तिने मोबाइल घेतला होता आणि पर्समधल्या चिठ्ठीवर पाहून एकेक आकडा दाबत होती. आमच्यात परदेशी फोन आपणहून लावायची पद्धत नव्हती. तिकडून यायचा, आपण घ्यायचा. तिने लावला. एक वाजला होता. दुकानदारांनी शटरचा दांडा हातात घेतला, आणि तसाच धरून उभे राहिले.

"प्रज्ञा," विमल म्हणाली, "आई बोलतेय. सगळं ऐकलंय मी. पत्र-बित्र काही टाकायचं नाही." मग, "भाताला पाणी किती घालतेस?"

पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला कळलं नाही. पण लगेच दोघी एकाच वेळी बोलायला लागल्या आणि एकमेकींचं अजिबात ऐकेनाशा झाल्या, त्यावरून मी ओळखलं की सगळं ठीक झालं. त्या दिवशी लक्ष्मी रोडजवळचं ते दुकान एक वाजून बारा मिनिटांनी बंद झालं. कोणाचा विश्वास बसत नसेल, तर शेखसाहेब अजून साक्षीला आहेत.

परत येताना विमल पोत्यांवर माझ्याशेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "तीस वर्षं तुम्ही भिंतीवर 'शांतता राखा' लावून बसलात. एकदा तरी कोणी राखली का?" मी म्हणालो, नाही. "आज राखली," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून स्वारगेटपासून घरापर्यंत हसत राहिली. ते लेबल तिने दुकानदारांकडून मागून घेतलं होतं. तिने ते मोबाइलच्या पाठीवर चिकटवलं. त्याच्या पाठोपाठ आलेले दोन मोबाइल तिने वापरून टाकून दिले, हा मात्र कपाटात ठेवला. अजून आहे. वहीत त्याची नोंद आहे, त्यामुळे तो हरवत नाही.

गेल्या महिन्यात प्रज्ञाने माझ्यासाठी नवा मोबाइल घ्यायला लावला. मी तक्ता आखला नाही. समिती बोलावली नाही. (मधुकर आपणहून आला आणि खालच्या थरातला काढायला लावला, ते वेगळं.) एका दिवसात घेतला. घरी आल्यावर शेखसाहेबांचं भिंग मागून आणलं आणि त्यातली सगळी भोकं शोधून त्यांची यादी केली. खाली दोन, वर एक, बाजूला एक. ती सगळी सोडून, काचेच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे एका काळ्या ठिपक्याशिवाय काहीच नव्हतं, तिथे रविवारी सकाळी लेबल लावलं. दाखल क्रमांक २३१६. मग नऊला प्रज्ञाचा फोन आला. चेहरा दिसतो तो. तिचा मला दिसला, विमलसारखाच, चष्म्यासकट.

"बाबा, मला नुसतं खाकी दिसतंय," ती म्हणाली. मग तिचा श्वास मोठा झाला, आणि ती तिच्या आईसारखी पदर नसलेल्या तोंडावर हात धरून हसायला लागली. "बाबा. लेबल काढा."

मी म्हणालो, काढतो, डिंक पक्का वाळलाय, पाच मिनिटं लागतील, तू बोलत राहा. खरं तर डिंक अजून ओला होता. पण मी चष्मा काढून डोळे पुसत होतो, आणि तेवढा वेळ ते लेबल अगदी योग्य जागी बसलं होतं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझं एक तरी लेबल योग्य जागी बसायला हवंच होतं.